पंक्तिप्रपंच : मराठी लेखनातली पंगत कुठून दिसते?

आजच्या व्याख्यानाचा विषय 'मराठी साहित्य आणि खाद्यसंस्कृती' असा जाहीर झालाय. तो मीच दिला होता, पण तयारी करताना 'खाद्यसंस्कृती' हा शब्द मला टोचायला लागला. तो उच्चारला की सगळी ताटं काचेच्या कपाटात मांडल्यासारखी दिसतात, आणि जेवणारी माणसं गायब होतात. म्हणून मी आज एका साध्या शब्दाला धरून बोलणार आहे. पंगत.

या शब्दाचं गोत्र बघा. पंक्तिपावन म्हणजे ज्याच्या बसण्यानं पंगत पवित्र होते तो. पंक्तिबाह्य म्हणजे ज्याला पंगतीत घेत नाहीत तो. आणि पंक्तिप्रपंच म्हणजे एकाच पंगतीत एकाला साजूक तुपाची धार आणि शेजारच्याला नुसता तुपाचा वास. हे तीनही शब्द भाषेत कशाला लागले असतील? ज्या गोष्टीचा रोज अनुभव येतो तिलाच भाषा नाव देते. तेव्हा पंगत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे आनंदाचं चित्र येतं, रांगोळी, उदबत्ती, आग्रह, त्या चित्राच्या आतच हे भांडण बसलेलं आहे. ते मी बाहेरून आणत नाही.

आता समीक्षेच्या मुद्द्याकडे येतो. जेवणाचं, समारंभाचं कुठलंही मराठी लेखन वाचताना मी एक प्रश्न विचारतो : सांगणारा कुठं आहे? पाटावर बसलाय, वाढतोय, चुलीपुढे आहे, का फाटकाबाहेर उभा आहे? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे असं तुम्हाला वाटेल. पण जागा बदलली की वाक्य बदलतं, क्रियापदं बदलतात, काळ बदलतो. म्हणून तो आधी भाषेचा प्रश्न आहे.

पाटावर बसलेल्यापासून सुरुवात करू, कारण मराठीत सर्वांत जास्त लेखन त्याचं आहे. दिवाळी अंकात दरवर्षी एक तरी लेख असतो. 'आमच्या लहानपणीच्या पंगती.' त्यात केळीचं पान असतं. मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभाताची मूद. मग जिलब्यांच्या पैजा, विहिणीची पंगत, घास भरवताना घेतलेले उखाणे. वाचायला छान वाटतं, मलाही वाटतं. पण त्या लेखांतली वाक्यं जरा नीट बघा. 'मग मसालेभात यायचा.' 'पाठोपाठ मठ्ठा यायचा.' 'जिलबी दुसऱ्यांदा फिरायची.' मसालेभात येतो, मठ्ठा येतो, जिलबी फिरते. पदार्थांना पाय फुटलेले असतात! (हशा) हसू नका, हे खरंच तपासून बघा घरी जाऊन. वाढणारा माणूस वाक्याचा कर्ता होतच नाही. झालाच तर तो विनोदी पात्र म्हणून येतो. धोतराचा काचा मारलेला, घामेजलेला, पंगतीतून बुंदीच्या घमेल्यासकट पळणारा वाढपी. त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, तो रात्री कुठं झोपला हे दिसत नाही.

दुसरं, त्या लेखनातला काळ. पाटावर बसलेल्याची पंगत पान मांडल्यावर सुरू होते आणि विडा खाल्ल्यावर संपते. फार तर दीड तास. चुलीपुढच्या माणसाची पंगत दोन दिवस आधी सुरू झालेली असते, गहू निवडताना, डाळ भिजवताना. आणि ती संपते कधी, तर शेवटचं पातेलं घासून उपडं घातल्यावर. एकाच समारंभाचे हे दोन काळ आहेत. यातला दीड तासांचा जो आहे तो आपण साहित्यात 'परंपरा' म्हणून नोंदवून ठेवला.

पु. ल. देशपांड्यांचं नाव इथं येणारच. 'माझे खाद्यजीवन' हा लेख न आवडणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मला स्वतःलाही तो आवडतो. पदार्थाचं नाव घेताच चव जिभेवर यावी ही ताकद त्या गद्यात आहे. 'बटाट्याची चाळ' 1958 सालची. तिच्यात 'उपास' नावाचं प्रकरण आहे. वजन उतरवायला निघालेला एक माणूस आणि त्याला सल्ले देणारी अख्खी चाळ. एका माणसाच्या खाण्यात साऱ्या चाळीचा हक्काचा वाटा असतो, हे सामूहिक जगणं त्यात इतकं नेमकं आलंय की गंभीर कादंबरीकारांनी हेवा करावा. पण ही सगळी दृष्टी खाणाऱ्याची आहे. पु.लं.वर मी दोष ठेवत नाही. लेखक ज्या पाटावर बसला तिथून त्याला दिसलं ते त्यानं उत्तम सांगितलं. माझी तक्रार आपल्याविषयी, वाचकांविषयी आहे. त्या एका पाटावरून दिसलेली पंगत आपण 'मराठी माणसाची पंगत' म्हणून स्वीकारली.

आता चुलीकडे जाऊ. इथं मला दोन बायकांबद्दल बोलायचंय, आणि जरा वेळ घेऊन बोलायचंय.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं आली. आपण ते पुस्तक धर्मांतराची कहाणी म्हणून वाचतो, विनोदासाठी वाचतो. मी म्हणतो एकदा फक्त अन्नासाठी वाचा. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं आहे, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं. म्हणजे अन्न घरात येतानाच संशयित म्हणून येतं. नंतर संसारात नवरा कवी, हातात पैसा टिकत नाही, पाहुणा कधी येईल याचा नेम नाही. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. पुढं कधीतरी लक्ष्मीबाई स्वतः जातीचा विचार करू लागतात, ही जात देवानं केली का माणसानं, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवून टाकतात. एवढी मोठी उलथापालथ, पण ती व्यासपीठावर होत नाही. ती पाण्याच्या भांड्यापाशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते. हे त्याच जागेवरून सांगता येतं. पाटावरून सांगताच येत नाही, कारण पाटावरच्याला पाणी कुणी भरलं हे विचारावं लागत नाही.

दुसऱ्या कमलाबाई ओगले. आता तुम्ही म्हणाल, समीक्षेच्या व्याख्यानात पाककृतींचं पुस्तक? हो. मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं काही आजची नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910 चं. हजार पाकक्रिया, आणि पाठारे प्रभू घरातलं असल्यानं त्यात मांस-मासळीला मानाची जागा. तरी घराघरांत गेलं ते ओगलेबाईंचं 'रुचिरा'. 1970 साली आलं. लाखावर प्रती गेल्या. मुलीच्या लग्नात ते दिलं गेलं, परदेशी निघालेल्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक.

त्याच्या यशाचं कारण मला एका शब्दात सापडतं : वाटी. जुन्या कृतींत शेर, अदपाव, तोळा. ती बाजाराची मापं. 1956 च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली, किलो-ग्राम आले. ती सरकारची मापं. ओगलेबाईंनी वाटी आणि चमचा धरला. ते स्वयंपाकघराचं माप. तुमची वाटी मोठी असो का लहान, सगळं त्याच वाटीनं मोजलं की प्रमाण बिघडत नाही. तराजू लागत नाही. 'अंदाजानं घाल' असं सांगून सासू जे ज्ञान आपल्याकडे राखून ठेवायची, ते वाटीनं मोकळं केलं. लेखनाच्या दृष्टीनं हे मला फार मोठं वाटतं. मराठी गद्यात स्वयंपाक करणारीच्या हाताला धरून लिहिलेली वाक्यं तोवर किती होती?

पण वाटीलाही तिची मर्यादा आहे. 'एक वाटी तूप' असं म्हटलं की घरात वाटीभर तूप आहे हे धरलेलं असतं. वेलदोडे डब्यात आहेत, दूध उतू जाण्याइतकं आहे. प्रमाण सगळ्यांना सारखं, जिन्नस नाही. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण विषय बायकांच्या पंगतीचा निघालाय. आपल्या समारंभांत असा एकच प्रसंग आहे की जिथं काय रांधायचं ते बाईच्या इच्छेवर ठरतं. डोहाळजेवण. तिला काय खावंसं वाटतं, आंबट का गोड, हे विचारलं जातं. झोपाळ्यावर बसवतात, फुलांचे दागिने घालतात. दोन झाकलेल्या वाट्या पुढे करतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बाकी आयुष्यभर जी शेवटच्या पंगतीला बसते, ती त्या दिवशी पहिल्या पंगतीला. आणि त्याच घरात, त्याच दिवशी, विधवा आत्या किंवा काकू ओटी भरायला पुढे येत नाही. स्वयंपाक बहुधा तिनंच केलेला असतो. आता काही घरांतून हे बदललंय, तिला मानानं पुढे बोलावतात, चांगली गोष्ट आहे. पण डोहाळजेवणावरचे हौशी लेख, फोटो, गाणी बघा. झोपाळा आहे, चंद्रकोर आहे, पडद्यामागची बाई नाही.

आता फाटकाबाहेर. एक क्रियापद घ्या : वाढणे. यजमान म्हणतो, 'अहो, त्यांना अजून वाढा.' आतली बाई म्हणते, 'वाढते हं.' आणि जेवणं उरकल्यावर बाहेरून हाक येते, 'वाढ गं माय.' तेच क्रियापद. पहिल्या दोन हाका आपल्या आठवणींच्या लेखांत आहेत. तिसरी हाक ज्यांनी मारली, किंवा ज्यांच्या आईनं मारली, त्यांना लिहायला मराठीत फार उशीर लागला. म्हणजे गोष्टी होत्या. एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, श्राद्धाचं अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं म्हणून. सुंदरच गोष्ट आहे. पण ती सांगणारा नाथांच्या अंगणात उभा आहे. ज्यांनी ते जेवण जेवलं त्यांना त्या वरणाची चव कशी लागली, हे गोष्टीत नाही.

ती चव पुढं दलित आत्मकथनांत आली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', 1986. त्यात आषाढ महिना आहे. पांढरपेशा पंचांगात आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो, खाण्यापिण्याला लगाम लागतो. बेबीताईंच्या महारवाड्यात आषाढ हा उलट सणाचा महिना. घरं सारवली जातात, बायका नहातात, देवाला गोडाचं होतं, वर्षभर उपाशी असलेल्या घरात थोडं तरी शिजतं. आज शहरात 'आखाड पार्टी' नावाचा प्रकार जोरात असतो. श्रावण लागायच्या आधी तांबडा-पांढरा रस्सा, हॉटेलांवर फलक, ऑफिसच्या ग्रुपवर वर्गणी. शब्द तोच. पण आखाड कुणाच्या तरी वर्षातला एकुलता एक पोटभर जेवणाचा काळ होता, हे त्या फलकावर कुठं दिसणार?

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मधला, 2003 सालच्या पुस्तकातला, शाळकरी मुलींच्या जेवणाचा प्रसंग आठवा. मुलींनी मिळून स्वयंपाक करायचा ठरतो. हिला कशाला हात लावू देत नाहीत. ती मनापासून जेवते. आणि नंतर चर्चा कशाची, तर ती किती जेवली याची. घास मोजले जातात. दिवाळी अंकातल्या पंगतीत जिलब्या मोजतात तेव्हा ती पैज असते, कौतुक असतं. तिथं पंचवीस जिलब्या खाणारा बाबुराव 'रंगेल खवय्या' ठरतो. इथं चार घास जास्त खाणारी मुलगी हावरी ठरते. पंक्तिप्रपंच म्हणतात तो हाच, आणि तो वाढण्यात नाही, वर्णनात आहे.

आणि इथं मला आपल्या समीक्षेवर जरा कडक बोलायचंय. आपण काय केलं? एका लेखकवर्गाच्या वाट्याला चव दिली आणि दुसऱ्याच्या वाट्याला भूक. पु.ल. खातात तेव्हा आपण 'रसिकता' म्हणतो. दुर्गाबाई भागवत 'खमंग' लिहितात तेव्हा 'व्यासंग' म्हणतो. आणि बेबी कांबळे, दया पवार अन्नाबद्दल लिहितात तेव्हा ठराविक शब्द : 'दाहक', 'विदारक', 'वेदना'. ते दाहक नाही असं मी म्हणत नाही. पण त्या पुस्तकांत चवही आहे, हुन्नर आहे, मिस्कीलपणा आहे, सणाचा उल्हास आहे. तो आपल्याला वाचता आला नाही, कारण त्या ताटात आनंद असू शकतो हे आपल्याला मान्यच नव्हतं. दुसऱ्याचं दुःख मान्य करायला फार काही लागत नाही. त्याच्या जेवणाला 'चविष्ट' म्हणायला मात्र आपली जीभ तपासावी लागते.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे 2015 चं पुस्तक मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाची खाद्यपरंपरा. 'अन्न हे पूर्णब्रह्म' हे आपण भिंतीवर लावतो. त्यात एक 'अ' घातला आणि अख्खा श्लोक उलटा केला. हे पुस्तक भूषण कोरगावकर यांनी इंग्रजीत नेलं आणि 2024 मध्ये ते देशभर वाचलं गेलं. मराठीत असताना त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी आपण केली नाही, हेही इथंच म्हणून ठेवतो.

पुस्तकाचा एक भाग वादाचा आहे. धर्मग्रंथ, संतवाङ्मय, सात्त्विक-राजस-तामस ही वर्गवारी, तिच्यातून कुणाचं अन्न हीन ठरलं याचा. तो भाग आवश्यक आहे, पण मला विचाराल तर पुस्तकाचं खरं बळ तिथं नाही. वाद आपण कधी मान्य करतो, कधी करत नाही. खरं बळ पाककृतींत आहे. पाककृतीशी वाद घालता येत नाही. चान्या, म्हणजे मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या. वजडी. रक्ती. येसूर नावाचा मसाला. 'रुचिरा' आणि हे पुस्तक टेबलावर शेजारी ठेवून वाचा. मी मघाशी वाटीबद्दल म्हणालो ना? इथं तेल नाही, तूप नाही, दूध नाही. जे घरात नव्हतंच ते कृतीत कुठून येणार? चरबीतच परतायचं, मीठ-तिखट-येसूर. कृती छोटी होते. आणि त्या छोटेपणात एक विद्या आहे. उरलेलं मांस वाळवून आठवडेच्या आठवडे पुरवायचं, जनावराचा कुठलाही भाग वाया जाऊ द्यायचा नाही, कुठला भाग किती शिजवला की चिवट लागत नाही. आज मोठ्या शहरातल्या हॉटेलात 'नाकापासून शेपटापर्यंत' म्हणून हेच महागात विकतात आणि त्याला नवा विचार म्हणतात. (हशा)

त्या पुस्तकात मोजायची पद्धतही वेगळी आहे. 'रुचिरा'त आधी प्रमाण, मग पदार्थ. इथं आधी वाटा. जनावराचे वाटे पडायचे आणि जो वाटा घरात आला त्यावर त्या दिवशीचं जेवण ठरायचं. म्हणजे सण पंचांगावर ठरत नव्हता, मिळण्यावर ठरत होता. मांस आलं तो दिवस सणाचा. हे एकदा समजलं की 'महाराष्ट्रीय थाळी' या नावानं जे ताट आपल्यापुढे येतं, अळूची भाजी, मसालेभात, श्रीखंड, त्यातल्या 'महाराष्ट्रीय' या शब्दावर जरा अडखळायला होतं. त्या ताटात खानदेशातलं लग्नाचं वरण-बट्टी नाही, मराठवाड्यातल्या दर्ग्यावरची कंदुरी नाही, वजडी तर नाहीच. ताट चांगलं आहे. नाव मोठं झालंय.

या सगळ्यावर नेहमी एक उत्तर येतं. 'अहो, आता कुठं राहिल्यात पंगती? बुफे आला आणि आपुलकी गेली. ताट हातात घेऊन भिकाऱ्यासारखं उभं राहायचं.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची समीक्षा करायला हवी. 'भिकाऱ्यासारखं' हा शब्द बघा. रांगेत ताट घेऊन उभं राहणं हा अपमान वाटतो, कारण आजवर आपण बसलेले होतो आणि दुसरं कुणीतरी उभं होतं. बुफेचं जेवण गार असतं, पनीर सगळीकडे सारखंच लागतं, ही तक्रार मला मान्य. पण बुफेच्या रांगेत पहिली पंगत कुणाची, कुणाच्या शेजारी कोण, हे ठरवायला यजमान उरत नाही. कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून जेवलं हा प्रश्न जिथं शतकानुशतकं जात ठरवत आला, तिथं ही काही लहान गोष्ट नाही.

अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली, सत्यनारायणाच्या पूजेला अस्पृश्य मानलेल्या जोडप्यांना बसवलं. लोक त्यांना 'समतानंद' म्हणू लागले. त्यांनी झुणका-भाकर निवडली हे मला फार मार्मिक वाटतं. पुरणपोळी ठेवली असती तर ते उपकाराचं जेवण झालं असतं. झुणका-भाकर कुणाच्याही घरात होते. जेवणात कुणी कुणाला वर चढवत नाही, फक्त शेजारी बसवतं. पंगत मोडायची तर पंगतच घालावी लागते, हे त्या माणसाला कळलं होतं.

आणि पंगत मला नको आहे असं मी म्हणत नाहीये. मराठीत वडीलधारा माणूस दम देताना म्हणतो ना, 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी.' म्हणजे मी साक्षीदार आहे. तू जन्मलास तेव्हा मी तिथं होतो. जन्मदाखला नंतर आला, आधी घुगऱ्या. उकडलेला हरभरा, मूठभर, घरोघर वाटलेला. बारसं, जावळ, लग्न, तेरावं, या सगळ्या जेवणांचं मूळ काम हेच आहे. एका माणसाच्या आयुष्यात काही घडलं याची नोंद इतरांच्या पोटात करून ठेवायची. म्हणूनच ज्याला बोलावलं नाही त्याला नुसतं जेवण नाकारलं जात नाही, त्याची साक्ष नाकारली जाते. आपल्या साहित्यानं इतकी वर्षं काही लोकांच्या घुगऱ्या खाल्ल्याच नाहीत.

वेळ होत आलीय, संयोजक घड्याळ दाखवतायत. शेवटचा मुद्दा खानावळीचा, कारण रोजच्या जेवणातला सण मला तिथं दिसतो आणि त्यावर आपण फार थोडं लिहिलंय. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बायकांनी चालवलेल्या खानावळींत जेवायचे. खोलीत जागा नाही म्हणून पाळीपाळीनं, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे. त्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे एका अख्ख्या कामगारवर्गाची रोजची पंगत ज्यांनी वाढली, त्या कर्जात होत्या. गिरणी कामगारांवर कविता आहेत, कथा आहेत, नाटकं आहेत. त्यांना सकाळी पाच वाजता डबा भरून देणारीच्या बाजूनं लिहिलेलं जे थोडं आहे ते शोधून वाचा.

आणि तुमच्यापैकी जे पुण्यात शिकायला होते त्यांना मेस आठवत असेल. महिन्याचं कार्ड, घरी गेलं की खाडे लावायचे, आणि रविवारी दुपारी फीस्ट. मसालेभात, पुरी, गुलाबजाम दोनच, तिसरा मागितला की काकू डोळे वटारणार. त्या फीस्टच्या आठवणी आपण हौसेनं सांगतो. आणि तिच्यामागोमाग एक तक्रारही सांगतो, की रविवारी रात्री मेस बंद, मग वडापाववर भागवावं लागायचं. मेसमध्ये जेवलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत ही तक्रार आहे, माझ्याही आहे. रविवारी रात्री मेस बंद असायची, कारण आठवड्यातली तेवढी एकच संध्याकाळ पोळ्या लाटणाऱ्या मावशी आपल्या घरी, आपल्या माणसांबरोबर जेवायला बसायच्या.

प्रश्न असतील तर घेऊ या.